नॉटमचचे टॅग दुसऱ्या मशीनवर आणि फोनवर कसे न्यायचे? (मदत हवी आहे)

शोधक_०७

साधारण दीड लाख मेल्सचं जुनं गाठोडं, तीन वेगवेगळ्या खात्यांतलं, एका जागी आणून नॉटमचवर (मेल्स शोधायचं आणि त्यांना टॅग, म्हणजे खुणेचे शब्द, लावायचं साधन) टाकलंय. शोधाबद्दल तक्रार नाही. पाठवणाऱ्याचं नाव, अटॅचमेंट:पीडीएफ आणि डेट:२०१६..२०१८ एवढं टर्मिनलवर टाकलं की एंटरवरून बोट उचलायच्या आत यादी हजर. आता ब्राउझरच्या शोधपट्टीकडे परत जायची इच्छाच होत नाही.

मांडणी अशी: मेल आणायला एमबीसिंक, साठवण मेलडिर पद्धतीची (एका मेलला एक फाइल), वाचायला ईमॅक्स या एडिटरमधलाच नॉटमच. सेटिंगमध्ये न्यू.टॅग्ज ला फक्त 'न्यू' ठेवलंय. नवीन मेल्स आल्या की पोस्ट-न्यू हुक (मेल्सची नोंद झाल्यावर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) चालतो, त्यात नॉटमच टॅग --बॅच ला नियमांची फाइल देतो: बिलं, सदस्य-यादी, प्रवास, घर वगैरे. शेवटच्या ओळीत 'न्यू' काढून 'इनबॉक्स' लावतो. इथवर उत्तम.

अडलंय ते पुढे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच खाती एमबीसिंकने उतरवली, नॉटमच न्यू (नवीन मेल्सची नोंद घेणारी आज्ञा) चालवलं, तर टॅग कोरेच. नियमांनी लागणारे टॅग तिथेही लागतील, पण वर्षानुवर्षांच्या मेल्सना हाताने लावलेले हजारो टॅग आहेत, त्यांचं काय? फोनवर तर काहीच दिसत नाही. गंमत म्हणजे वाचलेलं-न वाचलेलं मात्र सगळीकडे बरोबर पोचतं. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

शिवाय फोनवरचा इनबॉक्स आवरावा म्हणून 'आर्काइव्ह' टॅगवाल्या मेल्स स्क्रिप्टने आर्काइव्ह फोल्डरमध्ये हलवायला लागलो, तर एमबीसिंक 'डुप्लिकेट यूआयडी' (मेलचा क्रमांक दोनदा) म्हणून अडून बसतं.

आणि एक शंका. फाइंड या आज्ञेने मोजल्या तर फाइल्स जास्त भरतात, नॉटमच काउंट काही हजारांनी कमी सांगतं. मेल्स गळतायत का?

अनुक्रमणी

शेवटचं आधी, कारण त्याची धास्ती जास्त. गळत नाहीयेत. नॉटमच मेल ओळखतं ती मेसेज-आयडीवरून, फाइलवरून नाही. तुम्ही सदस्य-यादीला पाठवलेली मेल 'सेंट'मध्ये एक आणि यादीकडून परत आलेली एक, अशा फाइल्स दोन असल्या तरी त्याच्या हिशेबी मेल एकच. जीमेलचं खातं असेल आणि 'ऑल मेल' फोल्डरही उतरवत असाल तर जवळजवळ प्रत्येक मेलच्या दोन प्रती असतात. नॉटमच काउंट --आउटपुट=फाइल्स देऊन बघा, आकडा फाइंडच्या जवळ जाईल. तरी फरक उरला तर --एक्स्क्लूड=फॉल्स जोडा. सेटिंगमध्ये 'डिलीटेड' आणि 'स्पॅम' वगळलेले असतील तर काउंट त्या मेल्स धरतच नाही.

आता टॅग. नॉटमच मेलच्या फाइलच्या आतल्या मजकुराला हात लावत नाही, हा त्याचा पहिला नियम. टॅग राहतात झापियनच्या (नॉटमच शोधासाठी वापरतं त्या लायब्ररीच्या) डेटाबेसमध्ये. एमबीसिंक फाइल्स आणि फ्लॅग्ज (वाचलेली, उत्तर दिलेली अशा खुणा) नेतं-आणतं, त्याला त्या डेटाबेसचा पत्ताच नाही. म्हणून दुसरं मशीन कोरं.

वाचलेलं-न वाचलेलं पोचतं कारण मेलडिरमध्ये ती खूण फाइलच्या नावातच असते. नावाच्या शेवटी 'कोलन, २, स्वल्पविराम' आणि मग काही अक्षरं दिसतील. एस म्हणजे वाचलेली, आर म्हणजे उत्तर दिलेली, एफ म्हणजे तारा लावलेली. मेलडिर.सिंक्रोनाइझ_फ्लॅग्ज चालू असलं की नॉटमच 'अनरेड', 'रिप्लाइड', 'फ्लॅग्ड' हे टॅग या अक्षरांशी जुळवून ठेवतं. 'ड्राफ्ट' आणि 'पास्ड'सुद्धा. एवढ्याच टॅगना सर्व्हरपर्यंत जायची वाट आहे. तुमच्या 'बिलं'साठी असं अक्षर नाही.

दोन मशीनसाठी मचसिंक वापरा. एसएसएचवरून (दोन मशीनमधली सुरक्षित जोडणी) दोन्हीकडचे नॉटमच डेटाबेस जुळवतं, टॅग आणि मेल्स दोन्ही, आणि दोन्ही दिशांनी. मचसिंक दोन्हीकडे बसवलेलं हवं. मेल्सही तेच नेत असल्यामुळे दुसऱ्या मशीनवर एमबीसिंक बंद करा. सर्व्हरशी एकाच मशीनने बोलावं, म्हणजे गोंधळ कमी.

काठावरचा

+१, मचसिंक. वर्षानुवर्षं वापरतोय. सुरुवातीची फेरी रात्री लावून झोपा, नंतरच्या चटकन होतात.

तळटीप

एकदाच टॅग न्यायचे असतील तर मचसिंकचीही गरज नाही. पहिल्या मशीनवर नॉटमच डंप, ती फाइल दुसऱ्यावर नेऊन नॉटमच रिस्टोर. डंप म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते: अधिक-चिन्ह लावलेले टॅग, मग दोन आडव्या रेघा, मग मेलचा आयडी. एका ओळीत एक मेल. डोळ्यांनी वाचता येते, ग्रेपने शोधता येते. मेसेज-आयडी दोन्हीकडे तोच असल्यामुळे फाइल्सची नावं वेगळी असली तरी टॅग बरोबर जागी बसतात.

डुप्लिकेट यूआयडीचं कारणही फाइलच्या नावातच आहे. एमबीसिंकने उतरवलेल्या कुठल्याही फाइलचं नाव नीट बघा. मध्ये कुठेतरी 'स्वल्पविराम, यू, बरोबरचं चिन्ह' आणि एक आकडा असेल. हा त्या मेलचा त्या फोल्डरमधला क्रमांक. इनबॉक्सची ४१२ क्रमांकाची फाइल आहे त्याच नावाने आर्काइव्हमध्ये टाकलीत आणि तिथे आधीच एक ४१२ असली की एमबीसिंक थांबणारच. थांबतं हे बरंच म्हणायचं, अंदाजाने पुढे गेलं असतं तर निस्तरणं अवघड होतं. हलवताना नावातला तो तुकडा काढून टाका. एमबीसिंक तिला आर्काइव्हमधली नवीन मेल समजून सर्व्हरवर चढवेल आणि नवा क्रमांक देईल. स्वतःची स्क्रिप्ट नको असेल तर अफ्यू नावाचं टॅगिंगचं साधन आहे, त्यात टॅग बघून फोल्डर बदलायची सोय आहे. मात्र त्याच्या मेलमूव्हर विभागात रीनेम = ट्रू लिहायला हवं, नाहीतर तोच एरर परत.

क्रम महत्त्वाचा. आधी हलवणं, मग एमबीसिंक, मग नॉटमच न्यू. पहिली दोन कामं प्री-न्यू हुकमध्ये (नोंदीच्या आधी चालणारी स्क्रिप्ट) घातली की नॉटमच न्यू म्हटलं की सगळं ओळीने होतं. एमबीसिंक चालू असताना दुसऱ्या खिडकीतून नॉटमच न्यू मारू नका. एखाद्या मेलची एकही फाइल त्या क्षणी जागेवर दिसली नाही तर डेटाबेसमधून ती मेल टॅगसकट जाते. नंतर फाइल परत आली तरी ती नवी म्हणून येते.

फोनबद्दल माझं मत थोडं कडक आहे. सगळे टॅग फोनवर दिसावेत हा हट्ट सोडा. एका मेलला पाच टॅग असू शकतात, फोल्डर मात्र एकच. टॅगागणिक फोल्डर करायला गेलात तर एकतर प्रती वाढतील, नाहीतर 'प्रवास' मोठा की 'बिलं' मोठं हे ठरवत बसाल. फोल्डर चारच ठेवा: इनबॉक्स, आर्काइव्ह, स्पॅम, ट्रॅश. फोनवर हाताशी लागणाऱ्या मेल्सना तारा. बाकी सगळं टर्मिनलवर.

अनुक्रमणी

तळटीप यांच्याशी सहमत, पण एक अपवाद. खातं जीमेलचं असेल तर त्याची लेबलं एका मेलला कितीही लागतात, तिथे हा पेच येत नाही. लिअर नावाचं साधन आहे, ते आयमॅप (मेल आणायची नेहमीची पद्धत) न वापरता थेट जीमेलच्या एपीआयशी (प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दाराशी) बोलतं आणि लेबलं व नॉटमचचे टॅग दोन्ही बाजूंनी जुळवतं. त्या खात्यापुरता एमबीसिंक सोडून लिअर घ्या, फोनवरच्या जीमेलमध्ये टॅग लेबल म्हणून दिसतील.

शोधक_०७

तिघांचेही आभार. --आउटपुट=फाइल्स आणि --एक्स्क्लूड=फॉल्सने आकडा फाइंडशी जुळला, जीव भांड्यात पडला. नावातला यू-तुकडा काढणारी एक सेडची ओळ स्क्रिप्टमध्ये घातली, आर्काइव्ह सुरळीत चढतंय. तीनपैकी एक खातं जीमेलचंच आहे, तिथे लिअर लावून बघतो. उरलेल्या दोघांसाठी चार फोल्डर आणि तारा.

जाता जाता अजून एक. मराठी मेल्स शोधताना 'सभा' टाकलं तर 'सभेला', 'सभेचं' असलेल्या मेल्स येत नाहीत. इंग्रजीत मात्र 'मीटिंग' टाकलं की अनेकवचनवाल्याही येतात. काही सेटिंग आहे का?

तळटीप

सेटिंग नाही. नॉटमच शब्दाचं मूळ काढायला इंग्रजीचे नियम लावतं, मराठी शब्द जसाच्या तसा नोंदला जातो. उपाय म्हणजे शेवटी तारका. पण नुसतं सभा* देऊन भागणार नाही, कारण प्रत्यय लागताना 'भा'चा 'भे' होतो. सभा* ऑर सभे* असं द्या. 'सभागृह' आणि 'सभासद'ही येतील, तेवढं सोसावं लागतं. नको असतील तर पहिल्याची तारका काढा, सभा ऑर सभे* एवढंच ठेवा. तारका फक्त शब्दाच्या शेवटी चालते, सुरुवातीला नाही. शेलने (टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) तारकेचा भलता अर्थ लावू नये म्हणून पूर्ण शोध एकेरी अवतरणात ठेवा. नेहमी लागणारे असे शोध क्वेरी: या नावाखाली कॉन्फिगमध्ये साठवता येतात, मग दरवेळी टंकायला नको.

काठावरचा

हे उपयोगी आहे, मीही इतके दिवस दोनदा शोधत होतो.

@शोधक, मचसिंक सुरू करण्याआधी दोन्ही मशीनवर एकेक डंप काढून ठेवा, --जीझिप देऊन, म्हणजे फाइल लहान होते. रिस्टोर नुसतं चालवलंत तर डंपमधल्या मेल्सचे आत्ताचे टॅग पुसून डंपमधले बसतात. आत्ताचेही राहू द्यायचे असतील तर --अक्युम्युलेट द्या.