मदत हवी आहे: प्लेटोची आदिरूपं पॉवरस्केलिंगमध्ये कुठल्या टियरला टाकायची?

नमस्कार मंडळी. तत्त्वज्ञान वाचलेल्या कुणीतरी जरा निवाडा करून द्या. मी इंजिनीअरिंगवाला, प्लेटो थोडाफार वाचलाय, तोही भांडण जिंकायला. (पॉवरस्केलिंग म्हणजे काल्पनिक पात्रांची ताकद मोजून त्यांना पायऱ्या, म्हणजे टियर, लावणं. आदिरूपं म्हणजे प्लेटोच्या मते वस्तूंचे मूळ, न बदलणारे नमुने; इथल्या वस्तू त्यांच्या नकला.)

मी आणि माझा एक मित्र आपापली काल्पनिक विश्वं रचतो आणि रविवारी सिद्धेश्वर तलावाकाठी बसून कोणाचं भारी यावर वाद घालतो. माझ्या विश्वात एकावर एक अनंत लोक (म्हणजे जगं) आहेत, वरच्याला खालचा लोक कागदावरच्या चित्रासारखा. महिनाभर खपलोय त्यावर. त्याच्या वहीत एकच वाक्य: ‘स्वयंभू’ नावाचं त्याचं पात्र आदिरूपांच्या प्रदेशात राहतं. तेवढ्यावर म्हणतो, "हरलास बे! आदिरूपं डायमेन्शनच्या पलीकडची. तुझे अनंत लोक मला शून्य."

आदिरूपं स्थळकाळात नसतात हे कबूल. पण नसतात म्हणजे मोठी असतात, हे कुठून आलं? आमच्या घरी जकार्ड माग होते. चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या पंचकार्डांच्या माळेवरून उतरते, एका माळेवर चादरीमागून चादरी निघतात. नक्षी चादरीपेक्षा किती फूट लांब, असं कुणी विचारलं असतं तर आजोबांनी हाकललं असतं. (कार्ड म्हणजे आदिरूप नव्हे, कार्ड फाटतं. सोयीपुरतं घ्या.)

मग त्यानं प्लेटोचं ‘रिपब्लिक’ काढलं. सहाव्या भागात सॉक्रेटिस म्हणतो की ‘शुभ’ हे अस्तित्वाच्याही पलीकडे, प्रतिष्ठेनं आणि सामर्थ्यानं वरचढ. "सामर्थ्य लिहिलंय, वाच!" माझी बोलती बंद. पण तिथे उपमा सूर्याची आहे ना? सूर्यामुळे वस्तू दिसतात आणि वाढतात, तसं शुभामुळे बाकीचं कळतं आणि असतं. हे सामर्थ्य मारामारीचं कसं? शिवाय ते एकट्या शुभाबद्दल आहे, सरसकट सगळ्या आदिरूपांबद्दल नाही.

प्लेटोच्याच ‘पार्मेनिडीझ’ या संवादात तर म्हातारा तत्त्वज्ञ पार्मेनिडीझ तरुण सॉक्रेटिसला विचारतो, केस, चिखल, घाण यांचीही आदिरूपं असतात का? सॉक्रेटिस अडखळतो. मित्राचा नियम धरला तर चिखलाचं आदिरूपसुद्धा माझ्या देवांना लोळवणार! पुढे अजून मजा आहे: इथला गुलाम इथल्या मालकाचा असतो, ‘मालकपणा’च्या आदिरूपाचा नाही, तिथलं तिथे, इथलं इथे. मग स्वयंभूचा हात माझ्या विश्वापर्यंत पोचतोच कसा? हा मुद्दा वापरू का?

प्रतिसाद १
वापरा, पण जपून. तो प्लेटोनं आपल्याच सिद्धान्तावर घेतलेला आक्षेप आहे, निकाल नव्हे. त्यापेक्षा प्लेटोचाच ‘टिमेयस’ हा संवाद धरा. तिथे जग आदिरूपं घडवत नाहीत, त्यांच्याकडे बघून एक कारागीर घडवतो. त्यालाही अनिवार्यतेची (वस्तूंच्या अंगच्या, टाळता न येणाऱ्या गुणांची) समजूत काढावी लागते, सर्वशक्तिमान वगैरे तो नाही. तेव्हा मित्राला विचारा, स्वयंभू स्वतः आदिरूप आहे की तिथला रहिवासी? रहिवासी असेल तर त्याला नुसता पत्ता मिळाला, ताकद नाही. आदिरूप असेल तर ते बदलत नाही, मग हात उगारणार कोण? आणि सगळ्याच्या पलीकडचं ‘एक’ अशी भाषा तो करत असेल तर ती बरीचशी प्लोटायनस या तत्त्वज्ञाची, प्लेटोनंतर सुमारे ६०० वर्षांनी आलेली.

धागाकर्ता
धन्यवाद! ‘नुसता पत्ता’ हे रविवारी काढतोच. फक्त त्याचा उलटा वार मला आत्ताच दिसतोय. तो म्हणेल, तुझ्या लोकांतली आग माझ्याकडच्या आगीच्या आदिरूपाची नक्कल, ते पुसलं की तुझी आग विझली. दोन वेगळ्या लेखकांच्या विश्वांना आदिरूपं सामाईक धरायची की ज्याची त्याची वेगळी? यावर कुणी बोला प्लीज, रविवारला तीनच दिवस आहेत.