संडासातून रक्त पडलं की मूळव्याधच का?

बालाघाट: आमचे मोठे चुलते, वय ५२. दीड वर्ष रक्त पडायलं होतं, एकानं मूळव्याधाच्या पुड्या दिल्या, दुसऱ्यानं रक्त वाढायच्या गोळ्या, एचबी ७ वर आलं तरी कुणी ग्लोव्ज घालून बोटानं तपासलं नाही. शेवटी दुर्बिणीत गुदाशयाचा कॅन्सर निघाला, तवर लिव्हरला गेलेला. अमेरिकेत हा जागच्या जागी सापडला तर दहातले नऊ पाच वर्षं पार करतात, लांब पसरल्यावर जेमतेम एक-दोन. सरकार तिशीपुढं तोंड, स्तन, गर्भाशयमुख तपासतं, मग आतड्यानंच काय घोडं मारलंय? पन्नाशीपुढं सगळ्यांची फिट टेस्ट करा, संडासाच्या नमुन्यात न दिसणारं रक्तबी कळतं.

मांजराकाठ: वाईट वाटलं दादा, पण हे पटत नाही. फिट पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं तपासणं, लागते, ती तालुक्याला कुठंय? आपल्याकडं हा कॅन्सर तिकडच्यापेक्षा बराच कमी, अन् मूळव्याधाच्या रक्तानंबी टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. धडधाकट माणसं रांगेत आणि ज्याला खरंच रक्त पडायलंय त्याचा नंबर दोन महिन्यांनी, असं होईल. आधी त्याला तपासा.

तेरणामाय: मराठवाड्यात जमत नाही असं म्हणू नका. आमच्याच उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला, २००९ ला निकाल आला, ज्या गटाला एकदाच एचपीव्ही टेस्टची (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी) सोय दिली त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे. थायलंडनं २०११ ला लांपांग प्रांतात फिटच केली की.

मांजराकाठ: ताई, त्या अभ्यासात पॉझिटिव्ह बाईच्या पुढच्या तपासणीची आणि उपचाराची सोय आधी लावली होती. मी तेच म्हणायलोय.

ओपीडी नं. ४: ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. पेशंट येतोच "मूळव्याधाची गोळी द्या" म्हणत, डॉक्टरांनी कुशीवर झोपा म्हटलं की उठून जातो, कारण पडदा नाही आणि दारात दहा जण उभे. बायकांचं तर विचारूच नका. पण बोटाला गुदाशयाचा खालचाच भाग लागतो, उजवीकडच्या आतड्यात असला तर रक्त डोळ्यांना दिसतबी नाही, नुसतं एचबी उतरत जातं. पन्नाशीच्या बाप्याचं एचबी ७ का, हे न शोधता गोळ्या देणं ही खरी चूक.

बालाघाट: पडदा आणि ग्लोव्ज आधी, मान्य. टेस्टची मागणी मात्र सोडणार नाही. वडील ४९ चे, सख्ख्या भावाला झाला म्हणून परवा त्यांची कोलोनोस्कोपी आहे, अजून म्हणायलेत, "मला तर काहीच होत नाही."