'किलर्स'चं खापर स्मिथवर नको
गिटारवाला डेनिस स्ट्रॅटन गेला, त्याच्या जागी एड्रियन स्मिथ आला आणि म्हणून आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा दुसरा अल्बम 'किलर्स' पहिल्याइतका जमला नाही, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही भाऊ. १९८१ च्या 'किलर्स'वर गीतकारांची नावं वाचा, स्मिथचं नाव एकाही गाण्यावर नाही. जवळपास सगळं बँडचा बासवादक स्टीव्ह हॅरिसचं, त्यातलंही बरंचसं स्मिथ येण्याआधीपासून स्टेजवर वाजत होतं. त्यातलं 'रॅथचाइल्ड' हे गाणं तर १९८० च्या 'मेटल फॉर मदाज' संकलनातही आहे. स्मिथ खरा दिसतो तो १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट' या पुढच्या अल्बममध्ये. त्यातल्या '२२ अकेशिया अव्हेन्यू' गाण्याचं मूळ त्याच्या जुन्या अर्चिन बँडमधलं.

आमच्या इथे नागपुरात, धरमपेठेतल्या एका मित्राच्या खोलीत आम्ही वाजवायचो, तेव्हा दुसरा गिटारवाला बदलला. नवा पोरगा कितीतरी दिवस आधीच्या गिटारवाल्याच्याच सुरावटी वाजवत होता. त्यानं स्वतःची एक चाल आणली आणि मग कुठे बँडचा आवाज बदलला. 'किलर्स'च्या आवाजातल्या फरकाचं श्रेय मी तरी निर्माता मार्टिन बर्चला देतो. हेडफोन लावून त्यातलं 'जेंगिस खान' ऐका, दोन्ही गिटारी कशा सुट्या ऐकू येतात!