चार चोरांचं व्हिनेगर: गोष्ट ठीक, औषध नाही

रानवाट:
कालचा लेख वाचून राहवेना. त्यात म्हटलंय, फ्रान्समधल्या मार्सेयच्या १७२०च्या प्लेगात चार चोर मेलेल्यांची घरं लुटायचे, तरी त्यांना काही व्हायचं नाही. पकडल्यावर त्यांनी शिक्षा टाळायला औषधी व्हिनेगरची कृती सांगितली. तेव्हा ते घरी करून ठेवा, कुठल्याही साथीत उपयोगी पडेल. या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं.

हीच गोष्ट तुलूझच्या १६२८-३१च्या प्लेगचीही म्हणून सांगतात. कृतीही एक नाही: कुठे सताप, रोजमेरी, लॅव्हेंडर, कुठे लसूण, लवंग, कापूर. आणि मार्सेयमध्ये व्हिनेगरची परीक्षा खरोखर झाली होती. सप्टेंबर १७२०मध्ये तूरेतच्या मैदानावर शेकडो प्रेतं कुजत पडली होती. शव्हालिए रोझ या अधिकाऱ्याने वल्ह्यांच्या जहाजांवरचे कैदी आणले, त्यांच्या तोंडाला व्हिनेगरात भिजवलेली फडकी बांधली आणि प्रेतं हलवून घेतली. त्यातले बहुतेक कैदी मेले. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

वैद्यांचा नातू:
ताई, राग समजतो, पण सगळंच मोडीत काढू नका. प्लेग पिसवांमुळे पसरतो आणि उग्र वासाला पिसवा टिकत नाहीत. आमच्या गोठ्यात आजोबा कडुनिंबाचा धूर उगाच करत नव्हते. शिवाय हे व्हिनेगर १७४८च्या पॅरिसच्या औषधकोशात आहे. ते काय वेड्यांनी घातलं?

रानवाट:
त्या काळच्या औषधकोशांत सापाचं मांस घातलेलं थेरिअक नावाचं औषधही होतं, तेही घ्यायचं का? वाईट हवेनं रोग होतो असं मानत, म्हणून वासाची औषधं. पिसवांचा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँने १८९८मध्ये कराचीत दाखवला. आणि प्रेत गार पडलं की पिसवा ऊबदार अंग शोधतात. म्हणजे लुटायला आलेल्याचंच.

माळावरची:
कराची कशाला, आपल्याकडचं बघा. पणजी सांगायची, घरात उंदीर पडला की गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालायच्या. तिचे दीर धान्य राखायला मागे राहिले आणि गाठीनं गेले. गावाला हे कळत होतं, साहेबाला नाही. १८९७ला पुण्यात रँडचे सोजीर घराघरांत घुसून माणसं ओढून नेत होते.

नाक्यावरचा:
विषय निघालाच आहे म्हणून. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनने जानेवारी १८९७मध्ये मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक लसीला घाबरून पळत होते. हे 'गावाला सगळं कळतं' तेव्हाही नडलं.

माळावरची:
म्हणजे रँडचं बरोबर होतं? बायकांना चारचौघांत उभं करून तपासलं, ते विसरायचं?

नाक्यावरचा:
रँडचं नाव तुम्ही काढलंत, मी नाही. माझ्या तोंडी घालू नका! मी हाफकिनबद्दल बोलतोय. १९०२मध्ये पंजाबात मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले, खापर त्याच्यावर फुटलं आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. त्या माणसाचं कुणालाच काही वाटत नाही.

वैद्यांचा नातू:
इथे व्हिनेगरचं चाललं होतं. कोरोनात आईने माझ्या खिशात कापूर-ओव्याची पुरचुंडी ठेवली होती. तिला धीर आला. त्यालाही हरकत?

रानवाट:
धीराला नाही. पण माझे काका तीच पुरचुंडी नाकाशी धरून घरी बसले. दवाखान्यात नेईपर्यंत ऑक्सिजन फार उतरला होता. ते गेले. म्हणून 'कुठल्याही साथीत' वाचलं की मला गप्प बसवत नाही.

वैद्यांचा नातू:
काकांचं वाचून वाईट वाटलं. ते वाक्य चूक आहे, मान्य. पिसवांचं मात्र मी सोडत नाही.

रानवाट:
पिसवांना वास सोसत नसेल, इतपत मीही मानते. त्याच्या पुढे एक पाऊल नाही.

माळावरची:
रँडबद्दल उत्तर आलं नाही अजून.

नाक्यावरचा:
झडत्या चूक होत्या. झालं समाधान? पण त्याच वर्षी, त्याच पुण्याबाहेर सावित्रीबाई फुल्यांच्या मुलाने, डॉक्टर यशवंतरावांनी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई स्वतः रोगी आणत होत्या. एका आजारी मुलाला आणताना त्यांनाच लागण झाली, १० मार्च १८९७ला गेल्या. त्या दवाखान्यावर वेगळा धागा काढा, मी लिहितो.