विशेष गरजा असलेल्या मुलासाठी खासगी बालवाडीची फी भरावी का?

प्रश्न: माझा साडेतीन वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. सरकारी बालवाडीत जागा मिळते आहे. खासगी शाळेची फी भरायची, तर त्याची स्पीच थेरपी निम्म्यावर आणावी लागेल. काय करावे?

उत्तर १: थेरपी कमी करू नका. फीआधी एका बाईंकडे किती मुले आहेत ते पाहा आणि एक सकाळ वर्गात बसा. गोंगाटात आमच्या मुलीने कानांवर ठेवलेले हात एका महागड्या शाळेतल्या बाईंनी खाली ओढले, तेव्हाच आमचा निर्णय झाला.

उत्तर २: महाग म्हणजे प्रशिक्षित नव्हे, हे खरे, तरीही शाळा थेरपिस्टना वर्गात येऊ देत असेल, तर अर्ध्या दिवसाची फी विचारून पाहा.

प्रश्नकर्ती: हे सुचलेच नव्हते. सोमवारी विचारते.