छोट्या देशांनी जगाच्या राजकारणात कशाला पडायचं?

समुद्रकाठ:
मुलीला कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय मिळालाय, लहान देशांनी परराष्ट्र धोरणाकडे लक्ष का द्यावं. जेवताना चर्चा निघाली तेव्हा मी म्हटलं की ज्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या शहराएवढी पण नाही त्यांनी आपले रस्ते, पाणी, शाळा बघाव्यात, युनोत त्यांचं ऐकतंय कोण, व्हेटो पाच जणांकडे आणि बाकीचे हात वर करायला. मुलगी म्हणाली बाबा तुमचं चुकतंय, पण तिला उदाहरण देता येईना आणि खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नाही. कोणी एखादं खरं घडलेलं उदाहरण नीट उलगडून सांगेल का? स्पर्धा शनिवारी आहे.

वाकोआकर:
मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं मॉरिशसमध्ये आहे त्यामुळे इथलंच सांगतो. साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या, म्हणजे नाशिक शहरापेक्षा कमी. आपल्याकडून ऊसमळ्यांवर मजुरीला आलेल्यांचे पणतू-खापरपणतू इथे आहेत, घरात क्रिओल ही इथली भाषा बोलतात पण गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

तर गोष्ट हिंदी महासागरातल्या चागोस बेटांची. १९६५ मध्ये मॉरिशस अजून ब्रिटनची वसाहत होती, स्वातंत्र्याची बोलणी लंडनला चालली होती. अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता, त्यासाठी ब्रिटनने चागोस मॉरिशसपासून तोडून वेगळं ठेवायचं ठरवलं. मॉरिशसचे नेते रामगुलाम ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन यांना भेटायच्या आधी विल्सनना जे टिपण गेलं त्यात चक्क लिहिलं होतं की या माणसाला आशा दाखवून घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा आणि चागोसबद्दल शहाणपणाने वागला नाही तर मिळणार नाही ही भीती. बेटं गेली, ३० लाख पौंड मिळाले. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं.

पण त्या बोलण्यांत मॉरिशसच्या लोकांनी काही गोष्टी कागदावर उतरवून घेतल्या. मासेमारीचे हक्क राहतील आणि संरक्षणाला गरज उरली नाही की बेटं परत मिळतील. तेव्हा कोणालाही वाटलं असतं की नुसती समजूत काढायला लिहिलंय. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवती सागरी अभयारण्य जाहीर केलं, मॉरिशस समुद्र कायद्याच्या लवादाकडे गेला आणि २०१५ मध्ये लवादाने सांगितलं की ती १९६५ ची वचनं ब्रिटनवर बंधनकारक आहेत. पन्नास वर्षांनी! ज्यांनी ते लिहून घ्यायचा हट्ट धरला त्यांना मी मनापासून मानतो.

मग पुढची पायरी. व्हेटो युनोच्या सुरक्षा परिषदेत चालतो, सगळे देश बसतात त्या आमसभेत चालत नाही, तिथे मॉरिशसचं एक मत आणि अमेरिकेचंही एकच. जून २०१७ मध्ये आफ्रिकी देशांनी मिळून ठराव आणला की चागोसबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्यावं. बाजूने ९४, विरुद्ध १५, तटस्थ ६५. ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचं, म्हणजे ब्रेक्झिटचं, सार्वमत होऊन वर्षच झालं होतं आणि युरोपियन युनियनमधले बहुतेक देश तटस्थ राहिले, हे बघण्यासारखं आहे. भारताने बाजूने मत दिलं. २०१९ मध्ये न्यायालयाने १३ विरुद्ध १ असं मत दिलं की चागोस तोडणं बेकायदेशीर होतं, मग आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला दुजोरा दिला. शेवटी २२ मे २०२५ ला ब्रिटनने सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली, चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावरचा तो लष्करी तळ मात्र ९९ वर्षं ब्रिटनकडेच. त्यावरून ब्रिटनमध्ये पुष्कळ वाद झाला तो वेगळा.

दोहारिटर्न:
माझा अनुभव जोडतो. २०१७ च्या जूनमध्ये आम्ही कतारला होतो, ऐन रमजानात सकाळी उठलो तर बातमी की सौदी, यूएई, बहारीन, इजिप्तने संबंध तोडले. जमिनीची एकुलती एक सीमा सौदीबरोबर आणि दूध, भाजी त्याच रस्त्याने यायचं. त्या दिवशी सुपरमार्केटमध्ये दुधाच्या फळ्या रिकाम्या बघून बायको रडवेली झाली, मुलगी दोन वर्षांची होती. पण थोड्याच दिवसांत तुर्कस्तान-इराणचा माल दिसायला लागला, गायी विमानाने आणल्या. हे एका रात्रीत होत नाही, आधीपासून ओळखी जोडलेल्या लागतात. अमेरिकेचा मोठा तळ कतारमध्ये, गॅस जपान-भारतापर्यंत जाणार, त्यामुळे कतार बुडू नये असं बऱ्याच जणांना वाटत होतं. जानेवारी २०२१ ला समेट झाला. ज्याचा भाजीपाला शेजाऱ्याच्या दारातून येतो त्याला शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय हे माहीत पाहिजेच ना.

तिसरी_बाजू:
वाकोआकर, छान लिहिलंत पण माणसं कुठे आहेत यात? १९६८ ते ७३ मध्ये चागोसवरच्या दीड-दोन हजार लोकांना उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं, त्यांची कुत्रीसुद्धा मारून टाकली. करार झाला तेव्हा ही माणसं टेबलावर नव्हती. सहीच्या दिवशी दिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन बायका लंडनच्या कोर्टात गेल्या, काही तास स्थगिती मिळाली आणि उठली. आणि दिएगो गार्सियावर परत राहायला जाता येणारच नाही. ताईला सांगा हेही भाषणात घे.

वाकोआकर:
मान्य, पूर्णपणे मान्य. त्यांच्यातले म्हातारे लोक मी इथे पाहिलेत, बेटाचा विषय काढला की गप्प होतात. माझ्या लिहिण्यात ते यायला हवं होतं.

समुद्रकाठ:
सगळ्यांचे आभार. माझं व्हेटोवालं म्हणणं मी मागे घेतो, आमसभेचा विचारच केला नव्हता. मुलगी आशा आणि भीतीच्या टिपणापासून सुरुवात करणार आहे आणि कुत्र्यांचं वाचून बराच वेळ बोललीच नाही. तिची एक शंका, २०१९ च्या त्या सहा विरोधी मतांमध्ये मालदीव कसा? तो पण छोटाच देश.

वाकोआकर:
बरोबर पकडलं तिने. चागोसच्या उत्तरेला मालदीवची हद्द लागते, समुद्राच्या वाटणीवरून भांडण होतं. मॉरिशसने तेही समुद्र कायद्याच्या न्यायाधिकरणात नेलं, तिथे २०१९ चं न्यायालयाचं मतच कामी आलं आणि २०२३ मध्ये वादातला समुद्र जवळजवळ निम्मा निम्मा वाटला गेला. त्याच्या आधीच २०२२ मध्ये मालदीवने भूमिका बदलून मॉरिशसला पाठिंबा कळवला होता. शनिवारी काय झालं ते इथे नक्की लिहा.