मदत हवी आहे: दिल्ली पासिंगची २०१२ ची लॉरा व्हीआरएस ग्वाल्हेरला आणावी का?

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरचा, लश्कर भागात राहतो. एक जुनी गाडी मनात भरली आहे, पण पैसे पुढे करायला हात धजत नाही. इथे गाड्यांतलं खरं कळणारी माणसं आहेत म्हणून सगळं सांगतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

स्कोडा लॉरा व्हीआरएस, म्हणजे लॉराचीच जोरकस आवृत्ती, १.८ टीएसआय (टर्बो) पेट्रोल, सहा गिअर, मॅन्युअल. नोंदणी जून २०१२ ची, दिल्लीची. मीटरवर १ लाख ८ हजार किलोमीटर, दुसरा मालक. मागतोय २ लाख ७५ हजार. माझ्या मते सव्वादोनपर्यंत येईल.

घरात आई, आम्ही दोघं, दहावीतला मुलगा, आणि मुलगी इंदूरला शिकते. महिन्या-दीड महिन्याने शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास असा जवळजवळ ५०० किलोमीटरचा पल्ला असतो. वर्षातून एकदा जेजुरी. आमची छोटी गाडी चौदा वर्षं इमानाने चालली, पण पाच माणसं, सामान आणि एसी असलं की ट्रक ओलांडताना मी अक्षरशः श्वास रोखून असतो. गुन्याच्या पुढे एकदा समोरून बस आली आणि गाडीत जोरच उरला नव्हता. तेव्हापासून ठरवलं की पुढची गाडी ताकदीची घ्यायची.

आणि खरं सांगायचं तर ही गाडी माझ्या मनात २०११ पासून आहे. त्या वर्षी व्हीआरएस भारतात आली तेव्हा तिची किंमत विचारण्याचीही माझी ऐपत नव्हती. १६० पीएस, २५० एनएम टॉर्क, तोही १५०० आरपीएमपासून हाताशी. मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर. डिकी ५६० लिटरची आणि काचेसकट वर उघडणारी, म्हणजे आईची व्हीलचेअर आडवी मावते. जोर आणि प्रपंच एकाच गाडीत बसवणाऱ्या गाड्या आपल्याकडे मोजक्याच आल्या, आणि ही तर शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली, आपल्या औरंगाबादेजवळची.

एक गोष्ट वाचून समजली ती मला फार महत्त्वाची वाटते. युरोपातल्या व्हीआरएसला २.० लिटरचं २०० पीएसचं इंजिन होतं. भारतातल्या व्हीआरएसला साध्या लॉरा टीएसआयचंच १.८ चं इंजिन दिलं. तेव्हा लोक हळहळले, पण आज जुनी घेणाऱ्याला तेच बरं, कारण इंजिनाचे पार्ट लॉरा आणि सुपर्ब टीएसआयला सामायिक आहेत. दुर्मिळ आहेत ते बंपर, सीट, बिल्ल्यांसारखे बाहेरचे भाग.

स्वस्त का, तेही उघड आहे. दिल्लीत १५ वर्षांवरचं पेट्रोल आणि १० वर्षांवरचं डिझेल वाहन चालवायचं नाही, हा हुकूम २०१८ साली सुप्रीम कोर्टाने कायम केला. त्यानंतर १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा हुकूम निघाला आणि दोन-तीन दिवसांत थांबवावाही लागला. कोर्टात अजून पुढे-मागे चालूच आहे, पण मालकांचा धीर सुटला तो सुटलाच. या गाडीची १५ वर्षं जून २०२७ मध्ये भरतात. ग्वाल्हेर एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या पट्ट्यात, येत नाही. म्हणजे तिथे जिचे दिवस भरत आले, ती इथे फिटनेस काढून पुढे पाच वर्षं चालू शकते. आमच्या गल्लीत अशा दिल्लीच्या तीन गाड्या आल्या आहेत, पण तिन्ही साध्या, कोणताही मिस्त्री हात लावेल अशा. ही तशी नाही.

गेल्या रविवारी पूर्व दिल्लीत जाऊन बघून आलो. रंग मूळचा वाटला, दारांचे सांधे सरळ. चालवली आणि तिसऱ्या गिअरात तिने जी ओढ घेतली ती दोन दिवस पायात राहिली. स्टिअरिंग ९० च्या वेगालाही घट्ट. क्लच थोडा जड. सस्पेन्शन कडक आहे, आई मागे बसली तर खड्ड्यांत काय म्हणेल याची काळजी वाटली.

पण दोन गोष्टी खटकल्या. मी पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. मालक म्हणाले, "तुमच्यासाठी जरा फिरवून आणली." आणि इंजिन धुऊन लख्ख केलेलं. मला वाचून एवढं ठाऊक आहे की या इंजिनाचं दुखणं, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन ढिली होणं, असलं तर ते रात्रभर थंड राहिल्यावर, पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखडीने ऐकू येतं. तेच मला ऐकायला मिळालं नाही. सर्व्हिसची बिलं "शोधून ठेवतो" म्हणाले.

घरचं मत असं: धाकटा भाऊ म्हणतो, जानेवारीत मेळ्यातून नवी छोटी गाडी घे. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमचा व्यापार मेळा १९०५ पासून भरतो, आणि अलीकडे मेळ्यात नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळते, म्हणून अर्धं शहर गाडीसाठी मेळ्याची वाट बघतं. भावाचं चुकत नाही. पण ती हप्त्यांवर येईल, आणि मुलीचं शिक्षण चालू असताना मला नवा हप्ता नको. बायको म्हणते, गाडी घ्या, पण रस्त्यात मुलांना घेऊन उभं राहावं लागणार नाही एवढं बघा. मला तिचं म्हणणं सगळ्यात जास्त लागतंय.

म्हणून विचारतो. टायमिंग चेनची अवस्था इंजिन न उघडता खात्रीने कशी ओळखायची? गाडीच्या किमतीवर अजून किती रक्कम बाजूला ठेवूनच हा व्यवहार करावा? या गाड्यांचा जाणकार मिस्त्री मला दिल्लीतच ठाऊक आहे, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरवर. एवढ्या अंतरावरून अशी गाडी कोणी सांभाळतंय का? आणि दिल्लीची एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचं ना-हरकत पत्र) घेऊन मध्य प्रदेशात नवा नंबर घेतलेलं कोणी असेल तर त्यांचा अनुभव हवा आहे.

प्रतिसाद, पुण्याहून

माझ्याकडे हेच इंजिन दुसऱ्या गाडीत आठ वर्षं आहे, म्हणून सांगतो. गरम बॉनेटची गोष्ट सोडून देऊ नका. परत जा.

चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद झालं की दाब जातो आणि तेव्हा चेन फक्त आतल्या दातेरी खटक्याच्या भरवशावर असते. जुन्या घडणीच्या टेन्शनरचा तो खटका दगा देतो. मग चेन ढिली पडते, स्टार्ट करताना दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तसं झालं तर बिल गाडीच्या किमतीला भिडतं. पुढे सुधारित टेन्शनर आला, त्यामुळे तो बदलल्याचं बिल असेल तर त्या बिलाला सोन्याचं मोल आहे.

इंजिन न उघडता दोन गोष्टी होतात. टायमिंग कव्हरवर खाली एक लहान बूच असतं, ते काढून टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय ते दिसतं. दुसरं, स्कॅनर लावून इंजिनाच्या संगणकातली मेजरिंग ब्लॉक ९३ ही नोंद वाचायची. व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट मूळ जागेपासून किती अंश सरकलाय ते त्यात कळतं. उणे ४ च्या आसपास किंवा त्यापलीकडे असेल तर चेन ताणली आहे असं धरा. हा स्कॅनर दिल्लीत जाणकाराकडे असतोच, त्यालाच सोबत न्या. त्याची मजुरी वाचवू नका.

घेतलीत तर उतारावर नुसती गिअरमध्ये टाकून उभी करू नका, हँडब्रेक घट्ट ओढा. गाडी मागे सरकली की इंजिन उलटं फिरतं आणि ढिल्या चेनला तेवढं निमित्त पुरतं.

आता ऑइल. या पिढीच्या पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक आहेत, त्यामुळे ऑइल जळतं. कंपनीच्या पुस्तकातच १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतची मुभा दिलेली आहे, मग विचार करा. डिपस्टिक दर हजाराला बघायची, दिवा लागायची वाट बघायची नाही. कंपनी १५ हजारावर सर्व्हिस सांगत असे. दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये १५ हजार म्हणजे इंजिनाचे फार जास्त तास. मी ७५०० ला ऑइल बदलतो, फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मानकाचंच.

पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने कधी धुतलेच जात नाहीत आणि लाखभर किलोमीटरनंतर त्यांच्यावर कार्बनचा थर बसतो. सकाळी आयडलिंग थरथरत असेल तर बहुधा तेच. ते साफ करता येतं, घाबरू नका. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं आहे, तेही गळतं. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा कूलंटची पातळी आधी बघा. धुतलेल्या इंजिनावर कूलंटचे डाग दिसत नाहीत, हेही ध्यानात घ्या.

रक्कम विचारलीत. गाडी सव्वादोनला मिळाली तर किमान सव्वा लाख वेगळा ठेवा. तो नसेल तर ही गाडी घेऊ नका.

प्रतिसाद, वडोदऱ्याहून

मी वेगळं सांगणार आहे, राग मानू नका. तुमच्या पत्नींनी जी अट घातली ती ही गाडी पुरी करू शकत नाही. गाडी चांगली आहे, पण तुमच्या मार्गावर गुना ते ब्यावरा या पट्ट्यात ठिणगी देणारी इग्निशन कॉइल गेली तर तिथला मिस्त्री काय करणार? तेवढ्याच पैशांत २०११-१२ ची सिव्हिक किंवा कोरोला आल्टिस बघा. टर्बो नाही, पण दोन्ही १.८ आहेत आणि ट्रक ओलांडायला पुरून उरतात. घरात दुसरी गाडी असती तर मी तुम्हाला लॉराच घ्या म्हटलं असतं.

आणि २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे. २०१२ ची गाडी त्यासाठी घडवलेली नव्हती. रबरी नळ्या आणि इंधनपंप तपासल्याशिवाय लांब पल्ल्याला काढू नका.

प्रतिसाद, इंदूरहून

कागदांचं मी सांगतो, गेल्या वर्षी भोगलं आहे. आधी चलानं बघा, दिल्लीच्या गाडीवर ती हमखास असतात. ती भरल्याशिवाय एनओसी निघत नाही. एनओसी म्हणजे फॉर्म २८, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र. इथे टॅक्स परत भरावा लागतो, गाडीच्या वयाप्रमाणे हिशेब करून. टोकन देण्याआधी आरसीची प्रत घेऊन तुमच्या आरटीओत नेमका आकडा विचारा. २०२७ मध्ये आरसीचं नूतनीकरण आलं की ५००० फी आणि फिटनेस.

विमा: १५०० सीसीच्या वरची गाडी, म्हणून नुसता थर्ड पार्टीच ७८९७ अधिक जीएसटी. मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

धागाकर्ता, बारा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. वडोदऱ्याच्या प्रतिसादाचा राग तर नाहीच, तो मी बायकोला वाचून दाखवला.

आदल्या संध्याकाळी रेल्वेने गेलो, मावसभावाकडे मुक्काम केला आणि मालकांना फोनवर सांगितलं की सकाळी मी येईपर्यंत चावीला हात लावू नका. साडेसहाला पोचलो, जाणकार मिस्त्री सोबत. बॉनेटवर हात ठेवला, गार. स्टार्ट केली. तिघेही गप्प उभे होतो. खडखड आली नाही. नंतर मिस्त्रींनी बूच काढून पाहिलं, स्कॅनरवर उणे १ च्या आत आकडा आला. बिलांच्या फाइलमध्ये ८४ हजारावर चेन आणि टेन्शनर बदलल्याचं बिलही निघालं. मालकांनाच त्याचं महत्त्व माहीत नव्हतं. ऑइल मात्र डिपस्टिकच्या खालच्या खुणेला टेकलेलं. टायरवरच्या चार आकड्यांत शेवटचे दोन १७, म्हणजे चारही टायर जाणार. कूलंटची गळती नाही. मिस्त्री म्हणाले, टायर, ऑइल, व्हॉल्व्हची सफाई आणि मागच्या सस्पेन्शनचे बुश मिळून ७० हजार धरा.

२ लाख १० हजारावर तोंडी ठरलं. सव्वा लाख वेगळा काढला आहे. मुलीच्या फेऱ्यांपैकी पहिल्या दोन मी एकटा करून बघणार आहे, गाडी पारखून झाल्यावर मग घरचे बसतील. बायकोने या अटीवर हो म्हटलं.

टोकन मात्र दिलेलं नाही. आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतो. कर्ज २०१६ लाच फिटलं असं मालक सांगतात, पण पहिल्या मालकाच्या नावचं ते पत्र त्यांच्याकडे नाही, आणि बोजा उतरल्याशिवाय एनओसी नाही. इंदूरच्या दादांनी आधी सांगितलं नसतं तर मी पैसे देऊन मोकळा झालो असतो.

तर आता एवढंच हवं आहे: पहिला मालक शहर सोडून गेलेला असताना बँकेकडून असं जुनं पत्र कोणी मिळवलं आहे का, आणि त्यासाठी अर्ज आताच्या मालकाने करायचा की पहिल्याने? सोमवारी मालक बँकेत जाणार आहेत, त्याआधी कळलं तर त्यांना तसं सांगता येईल.